घोडे गाडीत, माणसं पायी

आमचे दोन घोडे बैलगाडीत उभे राहून सुप्याला शिकायला गेले आणि घरची माणसं त्यांच्या मागून पायी गेली. ही गोष्ट कुंभारवाड्यापासून जोयड्यापर्यंत अजून सांगितली जाते आणि सांगणारा प्रत्येक जण तीत पदरचं काहीतरी घालतो. घोड्यांच्या डोक्याला फेटे होते, असंही एकाने मला ऐकवलं. (मला! त्या घोड्याला चिकटून सुप्यापर्यंत जो उभा होता, त्याला!) फेटे नव्हते. बाकीचं बहुतेक खरं आहे. त्यात लाजण्यासारखं काही होतं असं आमच्या घराने तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

कारण माझं लग्न. मुलगी खानापूरच्या बाजूची. नाव गंगा. मी तिला एकदाच पाहिलं होतं, बघायला गेलो तेव्हा. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, खाली पाहिलं आणि फिस्सकन हसली. माझ्या पोटरीला रानवाटेतली एक जळू अजून चिकटलेली होती, चांगली जेवूनखाऊन टम्म झालेली. त्या हसण्यानंतर मला दुसरी मुलगी बघायची नव्हती. जळू मी नंतर काढली, पण तिच्याबद्दल मनात राग राहिला नाही.

सुपारी फुटायच्या बैठकीत गंगाचे मामा, रावजीमामा, लोडाला टेकून म्हणाले, "आमच्याकडं नवरदेव शिवेवरनं घोड्यावर बसून येतो. तुमच्या रानात घोडा गावतो काय हो, पावणं? का गव्यावर बसवून धाडताय?"

बैठक हसली. आमच्या डोंगरात नवरदेव पायीच जातो. चिखलात घोडा टिकत नाही आणि टिकलाच तर वाघाला तो फार आवडतो. हे शांतपणे सांगता आलं असतं. पण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, शांतपणे सांगणाऱ्यांतले नव्हते.

"घोड्यावरच येईल!" आप्पा उठून उभे राहिले. "न्हाई आला तर सुपारी माघारी द्या आणि पोरगी दुसरीकडं!"

(पणाला लावायला आप्पांना स्वतःची मिशी होती, आणि ती भरघोसही होती. लावली माझी बायको!)

आप्पा हल्याळच्या बाजाराला गेले एक घोडा आणायला आणि आले दोन घेऊन. एक तांबूस तट्टू आणि त्याच्या पुढे एक म्हातारी घोडी.

"ही कशाला?" आईने विचारलं.

"ही त्याची आय. आयशीबिगर त्यो पाऊल टाकत न्हाई म्हणं. इकणारा दोघांस्नी मिळूनच देत हुता."

आईने एकदा तट्टाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग जोडी बराबर जमली. बसणाराबी तसलाच हाय."

तिने दोन्ही घोड्यांना हळद लावली. तट्टाचं नाव आप्पांनी पवन्या ठेवलं. पवन्याला हलगीची भीती वाटे. छत्रीची, शिंकेची आणि वाळत घातलेल्या लुगड्याचीही वाटे. पहिल्या दिवशी मला त्याच्या पाठीवर बसवलं आणि शेजारच्या धाकूकाकांनी परीक्षा म्हणून घमेल्यावर एक थाप मारली. पवन्या भाताच्या खळ्यातून, काट्यांच्या वईतून आणि धाकूकाकांच्याच वांग्यांतून गेला. मी त्याच्याबरोबर फक्त उकिरड्यापर्यंत होतो.

"ह्याला शिकवायला पायजे," आप्पा म्हणाले.

"कुणाला?" आईने विचारलं. माझ्याकडे बघतच विचारलं.

सुप्याला रिसाल्यातून पेन्शनीत आलेले एक दफेदार राहत होते. ते घोडे शिकवत. त्यांच्याकडे न्यायचं ठरलं, आणि तिथेच धाकूकाका आडवे आले. धाकूकाका म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. वाईट होणार हे आधी सांगायचं आणि झालं की "मी म्हटलं न्हवतं काय?" म्हणून विचारायचं, हा त्यांचा गावातला हक्क होता.

"लग्नाच्या वस्तूला लग्नाआधी परकी माती लागू देत न्हाईत," ते म्हणाले. "देवाला कौल लाव अगुदर."

"हल्याळहून चालतच आल्यात की!"

"तवा ती नुसती घोडी हुती. आता हळद लागलीया."

कौल लावल्याशिवाय आमच्या गावात नांगरसुद्धा धरत नाहीत, तेव्हा आम्ही सगळे देवळात गेलो. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं धाकूकाकांनी आणि घातलंही असं की देवालाही पळवाट राहू नये.

"नवरदेवाला पाठीवर घेऊन पोरीच्या शिवेत पाऊल टाकायच्या आधी, ह्या घोड्यांचा खूर आपल्या शिवेबाहेरच्या मातीला लागला तर चालंल काय, देवा?"

डावी पाकळी पडली. इतक्या लगेच की देव तिला सोडायला टपूनच बसला होता असं वाटलं.

 धाकूकाकांनी समाधानाने हात जोडले, बाकीच्यांनी काळजीने. सुप्याला जाणं राहिलं, घोडा राहिला, गंगा राहिली. मला पोटरीवर जळू चढल्यासारखं वाटायला लागलं. आप्पा मात्र पाकळीकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीचं एक टोक हळूहळू वर चाललं होतं.

"देवानं काय सांगितलं? खूर मातीला लागायचा न्हाई."

"व्हय," धाकूकाका म्हणाले.

"लागणार न्हाई. दोन गाड्या काढा!"

आम्ही बांबू वाहायच्या दोन गाड्या काढल्या. बाजूंना मेढी ठोकल्या, त्यांना बांबूच्या चटयांचे तट्टे बांधले, खाली पेंढा पसरला. गाड्या शेताच्या उंच बांधाला मागून भिडवल्या. घोडी बांधावरून पहिल्या गाडीत अशी चढली की जन्मभर ती हेच करत आली होती. पवन्या चढेना. मग त्याची गाडी घोडीच्या गाडीमागे, आईची शेपटी दिसेल अशी लावली, आणि माझी आई गाडीच्या पुढच्या टोकाला गुळाचा खडा घेऊन उभी राहिली. दोन आयांपुढे पवन्याचं काही चाललं नाही.

पहिल्या गाडीवर धाकूकाका (ते "मी येणार न्हाई" म्हणत सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते), दुसऱ्या गाडीवर आप्पा, आणि आई, मी नि बाकीचं घर मागून पायी. अख्खं गाव बघायला उभं.

"आप्पा, बैलांस्नी खांद्यावर घेतलासा तर जोडा बरा दिसंल!" कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या लग्नात घेऊ!" आप्पा म्हणाले आणि निघालो.

पहिल्याच चढाला पवन्या मागे सरकला. गाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते, म्हणजे पुढचं टोक वर उठतं. उठलं! जू वर गेलं आणि त्याला बांधलेले बैल माना वर करून आभाळ बघायला लागले. आप्पा ओरडले तसा पवन्या दचकून पुढे आला, आणि जू खाली येऊन बैलांचे गुडघे टेकले. असं दोनदा झाल्यावर बैलांनी चालायचं थांबवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

"वजन पायजे," आप्पा म्हणाले. "त्यो मागं गेला की पुढं जाणारं. त्यो पुढं आला की मागं जाणारं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अशा रीतीने नवरदेव सुप्यापर्यंत वजन म्हणून गेला. घोडा मागे सरकला की मी त्याच्या पोटाखालून पुढे, घोडा पुढे आला की मी मागे. जोयड्याच्या अलीकडे मी यात इतका तरबेज झालो की पवन्या नुसता कान हलवायचा आणि मी जागा बदलायचो. शिक्षण सुरू झालं होतं. कोणाचं, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

जोयड्यापुढच्या नाक्यावर जंगलाचा गार्ड उठून उभा राहिला. रानातून येणाऱ्या प्रत्येक गाडीतला माल तो बघत असे.

"काय हाय?"

"घोडी," धाकूकाका म्हणाले.

"मागच्या गाडीत?"

"तिचं पोरगं."

गार्डाने तट्ट्यावरून डोकावून पाहिलं. घोडीनेही डोकावून त्याच्याकडे पाहिलं. "लंगडी हाय काय?"

"न्हाई."

"आजारी?"

"तुझ्यापरास धड हाय."

"मग चालत का न्हाई?"

"देवाचा हुकूम हाय," आप्पा मागून गरजले. "तुझ्या सायबाचा न्हाई. बांबू न्हाई, साग न्हाई, मध न्हाई. सोड!"

गार्डाने आडवी काठी वर केली. गाड्या पुढे गेल्यावर तो बराच वेळ रस्त्यातच उभा होता आणि मग त्याने आपली दारूची बाटली ओतून टाकली, असं आई सांगते. मी बघितलं नाही. मी तेव्हा घोड्याखाली होतो.

सुप्याला दफेदार दारातच उभे होते. पिळलेली मिशी, पायांत बूट, काखेत छडी. त्यांनी दोन्ही गाड्यांना एक फेरी मारली.

"हं. उतरवा."

"उतरवता येत न्हाई," आप्पा म्हणाले.

"पाय मोडलाय?"

"पाय धड हाय. मातीला लावायचा न्हाई."

दफेदारांचा मिशीवरचा हात खाली आला. "मग मी शिकवू कुठं?"

"गाडीत."

"गाडीत?"

"ऐसपैस हाय की!"

दफेदार म्हणाले, तीन साहेबांचे घोडे माझ्या हाताखालून गेलेत, असला पोरखेळ मी करणार नाही. आप्पा म्हणाले, साहेबांचे घोडे मैदानात कुणीही शिकवील. गाडीत शिकवणारा हिंदुस्थानात कुणी असेल तर नाव सांगा, आम्ही त्याच्याकडे जातो. दफेदारांनी थोडा विचार केला. तसं नाव त्यांना सुचेना. सुचलं असतं तरी ते त्यांनी दुसऱ्याचं सांगितलं नसतं. त्यांनी बूट काढले आणि गाडीत चढले.

मग जी शाळा भरली तशी सुप्यात पुन्हा भरली नाही. गाड्या फणसाखाली ओढल्या, चाकांना दगड लावले, बैल सोडले, जुवाखाली ओंडके दिले. खोगीर गाडीत चढलं. मी खोगिरावर चढलो आणि माझं डोकं थेट फणसांत गेलं. दफेदारांनी हलगीवाला बोलावला. हलगीची पहिली थाप पडली, पवन्या थरथरला, आणि आईने पुढून गुळाचा खडा दिला. थाप, गूळ. थाप, गूळ. मग छत्री उघडली, गूळ. दारूचा बार उडवला, गूळ. (बाराला मी ओरडलो. मला गूळ मिळाला नाही.) समोरच्या गाडीतली घोडी हे सगळं शांतपणे चघळत बघत होती.

दिवस कलला तेव्हा हलगी वाजली की पवन्या कान टवकारून आईच्या मुठीकडे बघायला लागला होता. त्याच्या शेपटीचा केससुद्धा हलत नव्हता.

"शाबास!" दफेदार मिशी पिळत म्हणाले. "असा थंड घोडा आमच्या रिसाल्यात नव्हता. लिहून घ्या!"

खरोखरच तो थंड झाला होता. जमिनीवर उतरल्यावर हा काय करील, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. मी विचारणार होतो. पण मी घोड्यावर होतो, आणि तोंडासमोर फणस होता.

लग्नाला आम्ही तशाच गाड्या जोडून निघालो. वाटेतल्या प्रत्येक गावाने आम्हाला हसून घेतलं. आप्पा प्रत्येक गावाला रामराम करून पुढे जात. नवरीच्या शिवेवर मारुतीचा कट्टा होता. अख्खं गाव तिथे जमलेलं, हलगीवाले तयार, आणि सगळ्यांच्या पुढे रावजीमामा, पोटावर हात बांधून.

"आलं काय रानातलं पावणं? घोडा कुठं हाय?"

"आणलाय," आप्पा म्हणाले.

गाडी कट्ट्याला भिडवली. मी शाळेतल्यासारखा गाडीतच खोगिरावर बसलो, मुंडावळ्या बांधल्या, हातात कट्यार घेतली. पवन्या एक-एक पाय मागे टाकत कट्ट्यावर आणि कट्ट्यावरून खाली उतरला. नवरदेव पाठीवर, खूर नवरीच्या मातीत! कौल पाळला गेला. आप्पांनी हात जोडले. धाकूकाकांचा चेहरा पडला. रावजीमामांचे हात पोटावरून सुटले. मी जिंकलो होतो. गंगा माझी होती.

आणि हलगी वाजली.

पवन्याने कान टवकारले. हलगी वाजली की कुठे उभं राहायचं, ते त्याला नीट शिकवलेलं होतं. समोर गाडी होती आणि गाडीच्या पुढच्या टोकाला मूठ झाकून माझी आई. तो मला घेऊन कट्टा चढला, गाडीत शिरला आणि शांत उभा राहिला.

"हलगी थांबवा!" कोणीतरी ओरडलं. हलगी थांबली. पवन्याला मागे उतरवलं. हलगी वाजली. पवन्या आत! पुन्हा थांबवली, पुन्हा उतरवला, पुन्हा वाजली, पुन्हा आत! मी प्रत्येक वेळी कट्यार धरून त्याच्याबरोबर होतो. तिसऱ्या वेळेला शेजारच्या गावची माणसं पळत येताना दिसली.

"हे काय चाललंय?" रावजीमामांनी विचारलं.

"तालीम झालेली हाय," आप्पा म्हणाले.

"मी म्हटलं न्हवतं काय?" धाकूकाका म्हणाले. (म्हटलं नव्हतं.)

"हलगी ऱ्हाऊ दे मग. असाच चालवत आणा," कट्ट्यावरचा एक म्हातारा म्हणाला.

"हलगीबिगर वरात?" आई गाडीतून कडाडली. "माझ्या लेकाला काय चोरावानी न्हेताय?"

रावजीमामांनी कमरेची गाठ सैल केली. त्या गाठीत सुपारी होती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. "मग बोलणं ठरल्यालं पावण्यांनीच आठवावं. घोड्यावर न्हाई आला, तर..."

आप्पा त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"मामा, वर बघा. कोण हाय?"

"नवरदेव."

"त्याच्या खाली काय हाय?"

"घोडा."

"मग? नवरा घोड्यावर येईल, असा शब्द हुता. घोड्याखाली काय असावं, ह्याचा शब्द झाला न्हवता!"

कट्ट्यावरची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकाने मान डोलावली. दुसऱ्यानेही डोलावली. आप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. ते पहिल्या गाडीत चढले, घोडीच्या उघड्या पाठीवर मांड टाकली आणि वरूनच ओरडले, "एक मागितला हुता, दोन आणल्यात! वाजवा!"

हलगी कडाडली, बार उडाले, आणि आमची वरात नवरीच्या गावात शिरली. पुढे घोडीवर आप्पा, मागे घोड्यावर मी, दोन्ही घोडे गाड्यांत, चारही बैल जरा चढेलपणेच चाललेले. त्या गावात इतका उंच नवरदेव त्याआधी आला नव्हता. लोक हसले. हसू देत. पण हसायलासुद्धा त्यांना माना वर कराव्या लागत होत्या!

गंगाच्या घराशी मी माळ्याच्या खिडकीच्या बरोबरीला आलो. खिडकीत हळदीच्या अंगाने ती बसली होती, वरात चोरून बघायला. खालून जाणारा नवरा बघायचा बेत असणार. तो एकदम तोंडासमोर आला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या पोटरीकडे.

"आज न्हाई आणली काय?" ती हळूच म्हणाली.

मी वाकून पोटरीकडे बघेपर्यंत बैल पुढे गेले आणि मांडवाचं तोरण माझ्या गळ्यात आलं.

मांडवाच्या दाराशी वरात थांबली, पण हलगी थांबेना. गाव रंगात आलं होतं. हलगी वाजत होती तोवर पवन्या गाडीतून हलणार नव्हता, आणि मला पाठीवरून उतरायचं कुणी शिकवलंच नव्हतं. दफेदारांनी मला चढवलं होतं. उतरवताना दोघांनी धरून काढलं होतं. गाडीच्या मेढी, तट्टे, खांद्यावर तोरण, खाली माणसांची दाटी. मुहूर्त जवळ आला. शेवटी आप्पा म्हणाले, "शिडी आणा!"

रावजीमामा उसळले. "आमच्याकडं नवरदेव घोड्यावर येतो, पण शिडीनं उतरत न्हाई!"

"आमच्याकडं उतरतो," आप्पा म्हणाले. "धरा!"

मामांनी शिडी धरली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मला सगळा प्रवास, फणस आणि उकिरडा वसूल झाल्यासारखं वाटलं. मी मान ताठ ठेवून, कट्यार उंच धरून, खाली न बघता पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरीवर ठेवला. तिसरी पायरी मोडली.

मी रावजीमामांच्या दोन्ही हातांत पडलो. ब्राह्मण ओरडत होता, मुहूर्त टळत होता, मला खाली ठेवायला जागा नव्हती. मामांनी दात आवळले आणि मला तसाच उचलून बोहल्यावर नेऊन उभा केला.

नवरीला मामाने बोहल्यावर आणायचं, हा सगळीकडचा रिवाज आहे. गंगा अजून सांगते की तिच्या लग्नात मामा दमल्यामुळे तिला चालत यावं लागलं.